महाडचे कागद आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी शिक्षकांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हां शिक्षकांना बोलायला बोलावले तेव्हा विषयही दिला होता, "मुलांचे शिक्षण." विषय एवढा मोठा की अर्ध्या तासात त्याचे काहीच होणार नाही. म्हणून आम्ही त्यातला एक लहानसा कोपरा घेतला आहे. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवताना मूळ कागद, म्हणजे ज्यांना अस्सल साधने म्हणतात ती, मुलांच्या हातात द्यावीत की नाही, आणि दिली तर पुढे काय होते, एवढेच आज सांगायचे आहे. आम्ही चार-पाच जण शाळांतून शिकवतो आणि रविवारी इथल्या वर्गावर येतो. त्या दोन्ही ठिकाणी जे पाहिले तेच बोलणार आहोत.

आता बघा, आपल्या वस्तीतल्या सहावीतल्या कोणत्याही मुलाला विचारा, २० मार्चला काय झाले? तो झटकन सांगेल, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. साल विचारा, १९२७ म्हणेल. घोषणाही देईल. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतील. पण त्याच मुलाला पुढचा प्रश्न विचारा. तळे कोणाचे होते? त्या आधी तिथे पाणी भरायला बंदी कायद्याने होती की नुसती माणसांनी घातलेली? आणि २१ मार्चला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आपली माणसे तळ्यावर पाणी भरायला जाऊ शकली का? इथे मुलगा गप्प होतो. खरे सांगायचे तर मोठी माणसेही गप्प होतात. आपण पाणी प्यायलो आणि तळे खुले झाले, असेच आपल्या मनात बसले आहे. कागद मात्र वेगळेच सांगतात, आणि त्यात बाबासाहेबांची थोरवी कमी होत नाही, उलट ती कशात होती ते नीट कळते.

म्हणून आम्ही महाडचेच कागद वर्गात न्यायचे ठरवले. ते कागद कोणते, ते क्रमाने सांगतो.

पहिला कागद ४ ऑगस्ट १९२३ चा. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने खात्याखात्यांना परिपत्रक काढले. दुसरा कागद महाड नगरपालिकेचा, ५ जानेवारी १९२४ चा. त्यात नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले करण्यास आपली हरकत नाही असा ठराव केला.

इथे आम्ही थांबतो आणि मुलांना विचारतो, "१९२४ साली तळे खुले झाले. मग १९२७ साली सत्याग्रह कशाला?" पोरं पहिल्यांदा म्हणतात, तारीख चुकली असेल सर. तारीख चुकलेली नाही. ठराव झाला आणि तो वहीत राहिला. तीन वर्षे एकाही माणसाने त्या तळ्यावर घागर बुडवली नाही, कारण बुडवणाऱ्याचे डोके फुटले असते. परिषदेच्या वेळी नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस स्वतः आपल्या बाजूचे होते, तरीसुद्धा बाबासाहेबांच्या चरित्रात नोंद आहे की परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे गावात, ठराव दप्तरात, अध्यक्ष बाजूचे, आणि पाणी विकत! ही एक गोष्ट कळली की नागरिकशास्त्राचे अर्धे पुस्तक कळते, असे आमचे मत आहे. पुस्तकात लिहिलेले असते की नागरिकांना हक्क असतात. हक्क कागदावर येणे आणि हक्क वापरता येणे या दोहोंत जे अंतर असते ते पुस्तकात नसते, ते ह्या दोन कागदांच्या मध्ये दिसते.

एक गोष्ट मुलांना आम्ही आवर्जून सांगतो. नगरपालिकेच्या ठरावाची मूळ वही आम्ही पाहिलेली नाही. छापील ग्रंथांत त्याचा जो तपशील आला आहे त्यावरून आम्ही तो फळ्यावर लिहितो. मूळ कागद वेगळा, त्याची छापील प्रत वेगळी आणि कोणीतरी त्यातून दिलेली माहिती वेगळी. कशाच्या आधारावर बोलतो ते सांगून बोलावे, एवढी शिस्त मुलाला लागली तरी पुष्कळ झाले.

तिसरा कागद आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. महाडला १९ आणि २० मार्चला परिषद झाली, आणि पंधरवड्यात पत्र उभे राहिले. महाराष्ट्र शासनाने १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक एकत्र छापले, तो मोठा ग्रंथ पुष्कळ ठिकाणी मिळतो. त्यातली पाने आम्ही वर्गात वाचतो. मराठी जुने, वाक्ये लांबलचक, पण मुले मन लावून ऐकतात. कारण हे नंतर कोणी लिहिलेले चरित्र नव्हे. मारहाण झाली, जखमी माणसे अजून बरी व्हायची होती, देवळात शिरणार अशी अफवा कोणी उठवली याची चर्चा गावात चालू होती, अशा वेळी हे छापले गेले.

मग आम्ही विचारतो, हे पत्र कोणाच्या बाजूचे? मुले म्हणतात, आपल्या. बरोबर. मग ज्याने तळ्याचे शुद्धीकरण केले त्याने जर पत्र काढले असते तर त्यात काय छापले असते? हा प्रश्न विचारल्यावर एकदा रविवारच्या वर्गात मागे बसलेले एक आजोबा उठून उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांना बाबासाहेबांवर शंका घ्यायला शिकवताय का?" वर्ग एकदम शांत. आजोबांचा राग आम्हांला समजला. ज्या पिढीने ह्या नावावर मार खाल्ला त्या पिढीला असे वाटणे साहजिकच आहे. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की आजोबा, समोरच्याची बाजू स्वतः बाबासाहेबांनी जेवढी वाचली होती तेवढी समोरच्यानेही वाचली नव्हती. शास्त्रे वाचली, कायदे वाचले, सरकारी अहवाल वाचले, म्हणून कोर्टात आणि सभेत त्यांना कोणी गप्प करू शकले नाही. पोराला एकच बाजू पाठ करून दिली तर बाहेर पहिल्याच वादात तो हरून घरी येईल. आजोबा बसले. पटले की नाही ते सांगितले नाही, पण पुढच्या रविवारी पुन्हा आले, आणि त्यानंतरही येत राहिले.

याच संदर्भात आणखी एक गंमत. परिषदेला किती माणसे होती? एका ग्रंथात अडीच हजारांच्या वर असे वाचायला मिळते, धनंजय कीरांच्या चरित्रात सुमारे दहा हजार. आम्ही दोन्ही आकडे फळ्यावर लिहितो. मुलांना दहा हजारच आवडतो, हे सांगायला नको! मग विचार सुरू होतो. कोणी मोजले असेल? परिषदेला नोंदवून आलेले प्रतिनिधी वेगळे आणि आजूबाजूच्या गावांतून आलेली माणसे वेगळी, असे असेल का? १९२७ साली कोकणात पायी किती जण येऊ शकत असतील? एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अडीच हजार असले तरी जास्तच आहेत. त्यांना घरी परत जायचं होतं ना." हे उत्तर आम्हांला सुचले नव्हते. आकडा मोठा केल्याने मोठेपण वाढत नाही. परतीच्या वाटेवर आपापल्या गावात त्याच सवर्ण घरांसमोरून जायचे आहे हे ठाऊक असताना माणसे तळ्यात उतरली, त्यात मोठेपण आहे.

आता चौथा कागद, आणि हा कडू आहे. ४ ऑगस्ट १९२७. महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख लक्षात घ्या. बोले ठराव ४ ऑगस्टचा, आणि बरोबर चार वर्षांनी ४ ऑगस्टलाच हा ठराव मागे. योगायोग असेल, पण मुलांच्या डोक्यात तो पक्का बसतो. पाणी प्यायल्यावर तळे खुले होण्याऐवजी कागदावर होते तेही बंद झाले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात सवर्णांनी दावा लावला, प्रतिवादींत बाबासाहेबांचे नाव, आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले हे सर्वांना माहीत असते. परंतु त्याच परिषदेत, हजारो माणसे तयार असताना, बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचे स्थगित ठेवले, कोर्टाचा हुकूम पाळला, आणि लढाई कोर्टात नेली, हे फारसे सांगितले जात नाही. मुलांना हे आवडत नाही. "मोडायचा होता हुकूम," असे मोठी पोरे म्हणतात. त्यावर आम्ही उत्तर देत नाही, वाद घालू देतो. एक गट मोडा म्हणणाऱ्यांचा, एक गट पाळा म्हणणाऱ्यांचा. अट एकच, प्रत्येकाने कागदाचा आधार देऊन बोलायचे. कधी पाळा म्हणणारे जिंकतात, कधी मोडा म्हणणारे. आम्ही निकाल देत नाही.

निकाल हायकोर्टाने दिला, तो पाचवा कागद. आणि ह्या कागदावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो, दोन-दोन तासिका. महाडच्या कोर्टात १९३१ साली दावा फेटाळला गेला, ठाण्याच्या अपिलात १९३३ साली पुन्हा तसेच, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने सवर्णांचे अपील फेटाळले. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, असे त्या खटल्याचे नाव. पाणी प्यायल्यापासून निकालापर्यंत हिशेब करायला सांगितला की मुले बोटे मोजतात. दहा वर्षांना तीन दिवस कमी!

निकालपत्र इंग्रजीत आहे. आमच्यापैकी एकाने वकील मित्राच्या मदतीने त्याचे साधे मराठी करून घेतले, तीन पानांचे. त्यात तळ्याचे वर्णन आहे. चार-पाच एकरांचे तळे, पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याने भरणारे, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे बहुतेक सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरे. आम्ही मुलांना हे वर्णन वाचून तळ्याचा नकाशा काढायला लावतो. नकाशा काढता काढता कोणीतरी विचारतोच, मुसलमानांना पाणी चालत होते, मग आपल्यालाच का नाही? हा प्रश्न आम्हांला सांगावा लागत नाही, कागदातून तो आपोआप वर येतो.

वादींचे म्हणणे असे होते की हे तळे आमच्या वहिवाटीचे आहे, अस्पृश्यांनी त्याला शिवायचे नाही ही अनादि काळापासूनची रूढी आहे. कोर्टाने म्हटले की तळे नगरपालिकेच्या मालकीचे ठरते, आणि अशी अनादि रूढी तुम्ही पुराव्याने सिद्ध केलेली नाही. म्हणून दावा नामंजूर. इथपर्यंत वर्गात टाळ्या पडतात. मग आम्ही पुढचे वाक्य समजावून सांगतो, आणि टाळ्या थांबतात. कोर्टाने असेही नमूद केले की रूढी सिद्ध झाली असती, तर ती अन्यायाची किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता. म्हणजे तो प्रश्न कोर्टाने सोडवलाच नाही. त्याची गरज पडली नाही.

आठवीतल्या एका मुलाने विचारले, "म्हणजे सर, त्यांच्याकडे जुना पुरावा असता तर आपण हरलो असतो?" काय सांगणार? हरलोच असतो असे म्हणता येत नाही, जिंकलोच असतो असेही म्हणता येत नाही. बंधू-भगिनींनो, हा प्रश्न कोणत्याही गाइडमध्ये नाही, कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नाही. पण ह्या प्रश्नावर पोहोचलेल्या मुलाला राज्यघटना का लागली ते वेगळे शिकवावे लागत नाही. माणसाचे माणूसपण पुराव्याच्या तागडीत टाकायची वेळ पुन्हा येऊ नये, त्यासाठी काहीतरी वरचे, पक्के हवे होते, हे तो स्वतःच म्हणतो.

तेव्हा सहावा कागद काढायचा. २९ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेचे कामकाज. हे सर्व कामकाज छापलेले आहे आणि आता संसदेच्या संकेतस्थळावरही वाचता येते. त्या एकाच दिवशी दोन कलमे चर्चेला होती. एक, आजचे कलम १५, ज्याच्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते वगैरेंच्या वापरावरून कोणाला अडवता येणार नाही असे म्हटले आहे. दुसरे, आजचे कलम १७, अस्पृश्यता नष्ट करणारे. पहिला कागद आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवा. १९२३ च्या ठरावात सार्वजनिक पैशाचे पाणवठे आणि विहिरी, घटनेच्या कलमात राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी आणि तलाव. शब्द जवळपास तेच. फरक कुठे? पहिला कागद शिफारस होता, नगरपालिकेने केला आणि नगरपालिकेनेच फिरवला. दुसरा मूलभूत हक्क आहे, तो कोणत्याही नगरपालिकेला ठराव करून रद्द करता येत नाही. ठराव, परिपत्रक, मनाई हुकूम, निकाल आणि घटनेचे कलम, या प्रत्येकाचे वजन किती, हे एका तळ्याच्या काठावर उभे राहून मुलांना समजते. तेच व्याख्या पाठ करून घेतले तर परीक्षेनंतर आठवडाभरही टिकत नाही.

त्या दिवसाच्या कामकाजातली एक-दोन माणसेही मुलांना भेटवतो. दाक्षायणी वेलायुधन ह्या मद्रासकडच्या सदस्या त्या चर्चेत बोलल्या. संविधान सभेत अनुसूचित जातीची स्त्री होती, हेच आपल्या मुलींना माहीत नसते. के. टी. शहांनी अडचण काढली की कलमात अस्पृश्यता या शब्दाची व्याख्याच नाही. मुलांना विचारले तर तीही म्हणतात, खरेच नाही. मग व्याख्या नसताना चालते कसे? तिथून १९५५ चा कायदा, त्याचे १९७६ नंतरचे नागरी हक्क संरक्षणाचे नाव, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, असे पुढे जाता येते. वेळ मिळाला तर जातो.

वेळ मिळाला तर, असे म्हटले कारण शाळेत तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, आणि दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुण. पालक विचारतात, हे परीक्षेत येणार का? नाही येणार. बालभारतीच्या आठवी-नववीच्या पुस्तकांत 'इतिहासाची साधने' हा धडा पहिलाच आहे, भौतिक, लिखित, मौखिक असे प्रकारही दिले आहेत. पण साधने कोणती ते पाठ करायचे आणि साधन एकही बघायचे नाही, असा आपला खाक्या! पोहण्याचे प्रकार पाठ करून तळ्याकडे पाठ फिरवण्यासारखे झाले. सगळे वर्षभर असे शिकवता येत नाही हे आम्हांलाही मान्य आहे. वर्षातून दोन वेळा, दोन विषय, मूळ कागदावरून घ्या, बाकीचे पुस्तकावरून. तेवढेही पुरते.

आता थोडे आपल्या घरातल्या कागदांबद्दल. महाराष्ट्रात कागद जमवण्याची परंपरा मोठी आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हा ग्रंथ १८९८ पासून खंडाखंडाने काढला, गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली. त्यांचे उपकारच आहेत. पण ते रुमाल कोणाच्या माडीवर होते? सरदारांच्या, देशमुख-कुलकर्ण्यांच्या. आपल्या लोकांच्या घरांना माडीच नव्हती, तर रुमाल कुठून असणार! दुसऱ्याच्या कागदात आपले नाव आले ते वेठीच्या हिशेबात, नाहीतर दंडाच्या यादीत. म्हणून आपल्याकडे जे थोडे कागद आहेत ते आपणच जपले पाहिजेत.

आणि आहेत हो. पुराव्याची किंमत आपल्या माणसांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको. जातीचा दाखला काढायला, पडताळणीला, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तेव्हा इथल्या किती जणांनी आजोबा-पणजोबांच्या शाळेत खेपा घातल्या, जनरल रजिस्टरचा उतारा मिळवला, तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल काढली! पणजोबांचे नाव, जन्मतारखेच्या ठिकाणी अंदाजे साल, जातीच्या रकान्यात एक शब्द, शाळा सोडण्याचे कारण. हे सगळे इतिहासाचे साधन आहे. काम झाले की आपण ती नक्कल फायलीत घालून कपाटात ठेवतो. तीच मुलापुढे ठेवा आणि विचारा, पणजोबांनी दुसरीतून शाळा का सोडली असेल?

याच संदर्भात साताऱ्याचे रजिस्टर दाखवतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर, नोंदीचा क्रमांक १९१४. शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. त्या नोंदीचे चित्र पाहून दर वर्षी कोणीतरी मुलगा ठासून सांगतोच की १९१४ साली नाव घातले. तो क्रमांक आहे, साल नव्हे, हे त्याला त्याच पानावरची तारीख शोधून स्वतःलाच काढावे लागते. आम्ही सांगत नाही. कागद नीट वाचायची ती पहिली पायरी.

मोबाईलवर रोज बाबासाहेबांच्या नावाने वाक्ये फिरतात. फोटो छान, खाली सही, आणि वाक्य भलतेच. काही तर त्यांनी आयुष्यभर ज्याला विरोध केला तेच त्यांच्या तोंडी घालणारी. चांगली शिकलेली माणसेसुद्धा ती पुढे ढकलतात. रविवारच्या वर्गात आम्ही नियम केला आहे की कोणी असे वाक्य आणले तर ते कोणत्या ग्रंथात, कोणत्या भाषणात, कोणत्या तारखेला, हे आणणाऱ्याने शोधायचे. शासनाने छापलेले इंग्रजी खंड विहारात आहेत, कपाटाची किल्ली समितीकडे असते. सातवीतल्या दोन मुली एका वाक्यासाठी तीन रविवार खंड चाळत बसल्या. वाक्य काही सापडले नाही. पण शोधता शोधता महाडची सगळी हकीकत वाचून झाली, आणि त्यांनी घरी जाऊन वडिलांच्या मोबाईलवरून ते वाक्य काढायला लावले. वडील आज इथे बसले आहेत, हसत आहेत!

२० मार्च १९२७ ला २०२७ साली शंभर वर्षे. जी माणसे त्या तळ्यात उतरली त्यांतले सांगायला आता कोणी नाही. त्यांच्याकडून ऐकलेले सांगणारी माणसे मात्र अजून आहेत, ह्या सभागृहातच सात-आठ जण असतील. त्यांचे बोलणे लिहून घ्यायचे काम आम्ही नववीच्या मुलांवर सोपवणार आहोत. सांगणाऱ्याचे वय, त्याने ते कोणाकडून ऐकले, कधी ऐकले, हे आधी लिहायचे, मग गोष्ट. आजी म्हणाल्या की मला काय ठाऊक, मी अडाणी, तर त्यांना सोडायचे नाही, जात्यावरच्या ओव्या विचारायच्या, गावातल्या विहिरीचे विचारायचे.

समितीला आमची विनंती दोन-तीन गोष्टींची आहे. ग्रंथांचे कपाट रविवारी सकाळी नऊ ते बारा उघडे असावे. मराठी करून घेतलेल्या निकालपत्राच्या पन्नास प्रती काढून द्याव्यात, मुले वर्गात पुरवून पुरवून वापरतात आणि फाटतात. आणि आपण सर्वांनी घरच्या ट्रंका एकदा उघडाव्यात. जुने दाखले, वतनाचे कागद, गिरणीचे पास, पत्रे, परिषदांची हँडबिले, १९५६ च्या नागपूरच्या आठवणी, जे सापडेल ते घेऊन या. मूळ कागद इथे कोणी ठेवून घेणार नाही. टेबलावर ठेवायचा, मुले त्याचा फोटो घेतील, मागे कोणाच्या घरचा ते वहीत लिहितील, आणि कागद तुम्ही घरी परत न्यायचा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल धरतो. सुती कापडात ठेवा.

येत्या रविवारपासून सुरुवात करतो आहोत. जयभीम.